सॅडलअप्पा आणि एकशेबारा केबल टाय

"माझ्या कामात एक दोष दाखवा आणि त्याच दिवशी माझं लायसन्स घेऊन जा," असं अप्पा गेली सव्वीस वर्षं येईल त्या विद्युत निरीक्षकाला सांगत आले होते. लायसन्स अजून अप्पांच्याच भिंतीवर होतं. यावरून काय ते समजा!

अप्पा वायरमन. नुसते नव्हे, परवानाधारक; आणि हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणारा आपोआप सरळ उभा राहायचा. बाजारात मात्र त्यांना सगळे सॅडलअप्पा म्हणत. सॅडल म्हणजे वायरिंगचा पाइप छताला किंवा भिंतीला धरून ठेवणारी पत्र्याची कमानदार पट्टी. दोन्ही बाजूंना एकेक स्क्रू मारला की झालं. दुसरे वायरमन जिथे चार सॅडल मारून चहाला जातात, तिथे अप्पा नऊ मारायचे आणि चहा शिडीवरच मागवायचे. वायर काय, कुणीही ओढतो, असं त्यांचं म्हणणं. ती पुढची तीस वर्षं वर टिकून कशी राहणार, हे ज्याला कळतं तो वायरमन.

नियमपुस्तकातलं केबलच्या आधाराचं प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं. सॅडल चालतं. क्लॅम्प चालतो. ट्रे चालतो. छतातून खाली सोडलेला रॉड चालतो. काय चालत नाही, ते तर त्याहून पाठ होतं. पाण्याची नळी चालत नाही, खिळा चालत नाही, सुतळी चालत नाही, फॉल्स सीलिंगच्या पाठीवर केबल निजवलेली चालत नाही. आणि सगळ्यांत मोठं पाप म्हणजे एका वायरिंगच्या पाइपाला दुसरी केबल बांधणं. पाइपाने आपल्या पोटातल्या वायरी सांभाळायच्या, शेजारणीची पोरं त्याच्या कडेवर द्यायची नाहीत, असं ते समजावून सांगायचे. एकदाच समजावून सांगायचे. दुसऱ्या वेळेला ओरडायचे.

कारण अप्पा रागीट होते. थोडेथोडके नव्हेत, चांगले सणसणीत रागीट. त्यांचा राग कानांपासून सुरू व्हायचा. आधी कानाच्या पाळ्या लाल, मग मानेवरची शीर, मग आवाज. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, नवऱ्याच्या तोंडाकडे बघावंच लागत नसे. कान बघून त्या चहा टाकायचा की नाही ते ठरवायच्या. एका रंगाऱ्याने एकदा अप्पांच्या पाइपावर ओला टॉवेल वाळत टाकला होता. त्याला अप्पांनी जे ऐकवलं ते तीन मजले खालच्या लोकांनाही पाठ झालं. रंगाऱ्याने पुढे धंदाच बदलला म्हणतात. अप्पांच्या मते तो मुळात त्या धंद्यात यायलाच नको होता.

आता मुद्द्यावर येऊ. अप्पांची एकुलती एक लेक दातांची डॉक्टर. सात वर्षं तिने दुसऱ्यांच्या इस्पितळात दुसऱ्यांच्या वेळापत्रकाने दात उपटले आणि शेवटी स्वतःचा दवाखाना काढायचं ठरवलं. दोन खोल्या, मधे एक बोळ, नवी कोरी खुर्ची, भिंतीवर दातांचं भलंमोठं चित्र. नोकरीचा राजीनामा दिला होता, सोमवारची तारीख जाहीर केली होती, आणि पहिल्या दिवसासाठी चौदा पेशंटनी नावंही लावली होती. राहिली होती ती फक्त विद्युत तपासणी. शुक्रवारी सकाळी अकराला निरीक्षक येणार. पास झालं तर सोमवारी दवाखाना सुरू. नापास झालं तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी. म्हणजे तीन आठवडे ना नोकरी, ना दवाखाना, आणि चौदा माणसं गाल धरून दुसरीकडे जाणार.

वायरिंग अर्थातच अप्पांचं. "एका फेरीत पास करून देतो," असं त्यांनी लेकीला छातीवर हात मारून सांगितलं होतं. काकूंनी त्यांना काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशीच बजावलं होतं, की लेकीचं काम आहे, तिथे तोंड आवरा. आणि अप्पांनी आवरलंही होतं. निदान त्यांचा तसा प्रामाणिक समज होता. प्लंबरला, सीलिंगवाल्याला आणि फरशीवाल्याला ते बोलले ते ओरडणं नव्हतं, ते सांगणं होतं.

तर शुक्रवारी सकाळी आठ वाजताच अप्पा दवाखान्यात हजर. लेक जुन्या इस्पितळात शेवटच्या दिवसाची ड्युटी उरकायला गेली होती, ती साडेदहापर्यंत येणार होती. जावई मात्र होता. तो बाहेरच्या खोलीत पेशंटसाठीच्या खुर्च्यांवरचं प्लास्टिक काढत बसला होता. जावई कॉम्प्युटरमधला माणूस. मितभाषी, हसतमुख, सदा मदतीला तयार. त्याचं मदतीला तयार असणं हीच अप्पांची मोठी अडचण होती. दुसऱ्या कुणी अशी मदत केली असती तर अप्पांनी त्याला दाराबाहेर काढलं असतं, पण जावयाला कसं बोलणार? मागच्या वर्षी त्याने अप्पांचं नवं ड्रिल उलटं फिरवून बिट जाळलं, तेव्हा अप्पा म्हणाले होते, असू दे, जुनंच होतं. ते बिट त्याच सकाळी आणलेलं होतं.

अप्पांनी बोळात शिडी लावली. काही काम होतं म्हणून नव्हे. आपलंच काम एकदा डोळे भरून बघावं, एवढाच हेतू. सीलिंगची एक चौकोनी पाटी त्यांनी बाजूला सरकवली, डोकं आत घातलं, टॉर्च लावला.

आणि त्यांचे कान तापले.

त्यांचा पाइप होता. सरळ, देखणा, मोजून सॅडल मारलेला. आणि त्या पाइपाच्या पोटाखाली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केबलींची एक मनगटाएवढी जाड जुडी बांधलेली होती. सात केबली. निळ्या, करड्या, एक तर चक्क पिवळी. कॉम्प्युटरच्या, कॅमेऱ्याच्या, एक्स-रेच्या पडद्याच्या. जास्तीची केबल कापायची जिवावर आली असावी, म्हणून शेवटी तिची वेटोळी करून तीही तिथेच अडकवलेली. आणि हे सगळं कशाने बांधलेलं? प्लास्टिकच्या केबल टायनी! त्या दातेरी पांढऱ्या पट्ट्या, ज्यांनी लोक पिशव्यांची तोंडं बांधतात. दर अर्ध्या वितीवर एक. अप्पांनी मोजले. एकशेबारा.

सव्वीस वर्षं ज्या गोष्टीसाठी त्यांनी दुसऱ्यांचा पाणउतारा केला, ती गोष्ट त्यांच्या स्वतःच्या पाइपाला, त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या दवाखान्यात, एकशेबारा वेळा झालेली होती. तळपायाची आग मस्तकात गेली. शिडी थरथरायला लागली. शिडी चांगली होती, थरथरत अप्पा होते.

ते खाली उतरले आणि बाहेरच्या खोलीत गेले. जावई प्लास्टिकचा गोळा करत होता.

"जावईबापू," अप्पा म्हणाले, "वर त्या केबली कुणी बांधल्या?"

जावयाने वर पाहिलं, मग हातातल्या गोळ्याकडे पाहिलं. जरा थांबून म्हणाला, "मी."

अप्पांच्या मानेवरची शीर उठली. ओठावर आलेली पहिली तीन वाक्यं अशी होती की छापता येणार नाहीत. ती त्यांनी गिळली. चौथं छापता आलं असतं, पण जावयाला ऐकवता आलं नसतं. तेही गिळलं.

"छान," ते म्हणाले. "फार छान बांधल्यात. अगदी सरळ रेषेत."

"थँक्यू, बाबा," जावई म्हणाला.

थँक्यू! अप्पा पाठ फिरवून बोळात आले आणि भिंतीवरच्या दातांच्या चित्राला मनसोक्त डोळे वटारून घेतले. मनातल्या मनात त्यांनी जावयाला त्याच्या पदवीपासून धरलं, त्याच्या कॉलेजला धरलं, त्या कॉलेजात केबलींचं शिकवणाऱ्याला धरलं, आणि केबल टाय शोधून काढणाऱ्या त्या अज्ञात इसमाला तर सोडलंच नाही. इतकं सगळं मनात बोलून राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला. मोठ्याने बोलला की राग बाहेर पडतो. आतल्या आत बोलला की तिथेच फुगत बसतो.

आणि चिडलेल्या माणसाला कामाचा क्रम कळत नाही, मग तो परवानाधारक का असेना. कुठलाही शिकाऊसुद्धा सांगेल, की एक आधार काढण्याआधी दुसरा द्यावा. अप्पांनी कटर घेतलं, शिडीवर चढले आणि टाय कापायला सुरुवात केली. कट, कट, कट! प्रत्येक टायला एक वाक्य, दात-ओठ खात. शिडी सरकवायची, पुढची पाटी काढायची, पुन्हा कट, कट. शंभराव्या टायपर्यंत जुडी जागची हलली नाही, कारण ती पुढच्या टायांच्या भरवशावर तरली होती. बोळ संपवून शिडी आतल्या खोलीत, खुर्चीच्या शेजारी आली. एकशेबारावा टाय अप्पांनी विशेष समाधानाने कापला.

जुडी खाली आली. वेटोळ्यांसकट, धप्पकन, सगळी एकदम. फॉल्स सीलिंगच्या दोन पाट्या तिने मधोमध मोडल्या, आणि त्या पाट्या पांढऱ्या धुळीच्या लोटासह डॉक्टरांच्या नव्या कोऱ्या खुर्चीवर जाऊन पडल्या. एवढ्यावर भागलं असतं तर काय हवं होतं! जुडीचं दुसरं टोक बाहेरच्या खोलीत टेबलावरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं. इकडे जुडी खाली गेली, तिकडे कॉम्प्युटरचा पडदा टेबलावरून निघाला. जावयाने झेप घालून त्याला मिठी मारली.

"बाबा," बाहेरून शांत आवाज आला, "पडदा धरलाय मी. तुम्ही काय धरलंय?"

अप्पांनी जुडी धरली होती. शिडीवर उभं राहून, भोकातून लोंबणारी सात केबलींची जुडी दोन्ही हातांनी डोक्याच्या वर. सोडली असती तर पडदा गेला असता, शिवाय आणखी चार पाट्या. बांधायची म्हटली तर हात मोकळे नव्हते, आणि बांधायला होतं तरी काय? पिशवीत एकही सॅडल नव्हतं. काम संपलं तेव्हा उरलेला डबा ते शिस्तीत घरी घेऊन गेले होते.

जावयाने पडदा अलगद जमिनीवर ठेवला, केबल सुटी केली आणि आत आला. त्याने वर पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि एक अक्षर बोलला नाही. त्याच्या या न बोलण्याचाही अप्पांना संताप आला. निदान काहीतरी चुकीचं बोलला असता, तर तेवढंच मनात धरता आलं असतं.

घड्याळात साडेनऊ झाले होते. अप्पांनी वरूनच अत्यंत गोड आवाजात त्याला सांगितलं, की कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जा, दीड इंची तीस सॅडल आणि स्क्रूचं पाकीट आणा, आणि जरा लवकर आलात तर बरं होईल. जावई धावत गेला. वीस मिनिटांत धावत परतला. हातात भलीमोठी पिशवी होती. अप्पांना हायसं वाटलं.

पिशवीत केबल टाय होते. दोनशे.

"सॅडल नव्हती, बाबा," जावई धापा टाकत म्हणाला. "दुकानदार म्हणाला, होती नव्हती ती सगळी मागच्या महिन्यात सॅडलअप्पा घेऊन गेले. म्हणून हे आणले. जाड आहेत, दुप्पट वजन धरतात."

अप्पांचे कान आता लाल राहिले नव्हते, जांभळे झाले होते. त्यांनी डोळे मिटले. एक ते दहा मोजले. दहापर्यंत राग उतरला नाही म्हणून वीसपर्यंत मोजले. मग म्हणाले, "असू दे. उपयोगी पडतील." आणि त्याला सांगितलं, की घरी फोन लावा, डबा माळ्यावर आहे, सासूबाईंना म्हणावं असतील तशा निघा.

काकू निघाल्या. पण घर होतं शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि काकूंचा गुडघा होता दुखरा. त्या यायच्या आत, साडेदहाला दहा कमी असताना, दार उघडलं आणि निरीक्षक आल्या. अकराच्या ऐवजी चाळीस मिनिटं आधी! सव्वीस वर्षांत वेळेवर आलेला निरीक्षक अप्पांनी पाहिला नव्हता, आणि आज ही बाई लवकर आली होती. याचाही त्यांना वेगळा राग आला.

निरीक्षक बाई नव्या होत्या. बारीक चष्मा, हातात फाइल, खिशात टॉर्च आणि मोजपट्टी. आवाज इतका हळू की समोरच्याला आपला आवाज आपोआप खाली आणावा लागे. त्यांनी धुळीने माखलेली खुर्ची पाहिली, छताचं भोक पाहिलं, शिडीवर दोन्ही हात वर करून उभा असलेला माणूस पाहिला, आणि विचारलं, वायरमन कोण.

"मीच," अप्पा वरून म्हणाले. "परवानाधारक. माझ्या कामात एक दोष दाखवा, आणि त्याच दिवशी माझं लायसन्स घेऊन जा."

सवयीने निघून गेलं तोंडातून. बाईंनी मान हलवली आणि कामाला लागल्या.

त्यांनी सगळं तपासलं. बोर्ड पाहिला, अर्थिंग पाहिलं, मग दुसरी शिडी मागवून पाइप पाहिला. मोजपट्टी लावून एकेका सॅडलमधलं अंतर मोजलं. प्रत्येक जोडाजवळ सॅडल, प्रत्येक वळणाला दोन. दर थोड्या वेळाने त्या "हं" म्हणायच्या आणि फाइलीत बरोबरची खूण करायच्या. दुसरा कुठला दिवस असता तर अप्पांनी ते "हं" एकेक करून घरी नेले असते. आज त्यांच्या खांद्यांना रग लागली होती, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता, आणि पुसायला हात नव्हता. जुडी सोडायची सोय नव्हती; सोडली की ती सीलिंगवर निजणार, आणि सीलिंगवर निजलेली केबल म्हणजे दोष. हातात धरलेली केबल म्हणजे काय, याबद्दल पुस्तकात काही लिहिलेलं त्यांना आठवत नव्हतं. तेवढीच एक आशा होती.

एवढ्यात लेक आली. दारातच थबकली. आधी तिने खुर्ची पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. मग वर बापाकडे पाहिलं, बापाच्या हातातली जुडी पाहिली, आणि चेहऱ्यावरचा होता नव्हता तो रंगही गेला. ती नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली. त्याने तिला हळूच खूण केली, बोलू नको अशी. अप्पांना ती वरून स्पष्ट दिसली, आणि त्यांनी मनाशी म्हटलं, बघा, स्वतः करून ठेवलं आणि आता माझ्या लेकीचं तोंड बंद करतोय.

पाऊण तासाने बाई अप्पांच्या शिडीखाली आल्या.

"पाइपाचं काम उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "आता ही जुडी. हिला आधार कशाचा?"

"माझा," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"मी परवानाधारक आहे."

बाईंनी खरोखर पुस्तक काढलं आणि पानं उलटली. त्या बाईंना विनोद करायची सवय नव्हती, हे इथे सांगून ठेवायला हवं. "सॅडल आहे, क्लॅम्प आहे, ट्रे आहे, रॉड आहे," त्या म्हणाल्या. "माणूस नाही दिलेला."

"ते सासरे आहेत माझे," जावई मदतीला धावला.

"सासराही नाही," बाई म्हणाल्या, आणि फाइलीतला दोषांचा कागद काढला. लाल कागद. सव्वीस वर्षांत अप्पांनी तो फक्त दुसऱ्यांच्या हातात पाहिला होता. "ही जुडी कोणी ओढली?"

"मी," जावई म्हणाला.

"त्याने नाही," लेक म्हणाली. "मी."

अप्पांना वाटलं आपल्या कानात काहीतरी बिघाड झाला, इतका वेळ तापल्यामुळे.

लेक निरीक्षक बाईंकडे बघून बोलत होती, बापाकडे बघत नव्हती. म्हणाली, की सीलिंग बंद झाल्यावर लक्षात आलं, कॉम्प्युटरच्या केबली राहिल्याच. बाबांना सांगायला हवं होतं. पण त्याआधी एकदा एक स्विच वीतभर बाजूला घ्या म्हटलं होतं, तर दोन दिवस ते मला बोलत होते. प्लंबर अर्धं काम टाकून गेला, सीलिंगवाला फोन उचलत नव्हता, आणि या सगळ्यांची समजूत मी घालत होते. पुन्हा हिंमत झाली नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी मीच चढले, हा खाली शिडी धरून होता.

"आणि मला वाटलं, बाबांच्या पाइपाएवढं भक्कम इथे दुसरं काय आहे," ती म्हणाली. "तुम्ही सॅडल मारता तसेच मोजून टाय लावले होते, बाबा. सारख्या अंतरावर. लहानपणापासून तुमची शिडी धरलीय मी, पण तुम्हाला विचारायची भीती वाटली."

अशा वेळी माणूस तोंडावरून हात फिरवतो, खाली मान घालतो, निदान खोलीबाहेर तरी जातो. अप्पांना यातलं काहीच करता येईना. दोन्ही हात वर, सगळ्यांच्या मधोमध, शिडीवर, जुडी धरून ते उभे होते. कामाचे सहा आठवडे आपण कुणावर ओरडलो नाही, असं त्यांना वाटत होतं, आणि सहा आठवडे लेक माणसांची समजूत घालत फिरत होती. त्यांना राग आला. प्रचंड राग आला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणावर काढायचा ते कळेना, कारण फिरून फिरून तो शिडीवरच्या माणसापाशी येत होता.

बाईंनी लिहायला सुरुवात केली. दोष: केबलींच्या जुडीला मान्य आधार नाही. पुढच्या रकान्यापाशी त्यांचं पेन थांबलं.

"दोषाचं कारण काय लिहू?"

लेकीने नवऱ्याकडे पाहिलं. जावयाने शिडीकडे.

"लिहा!" अप्पा वरून गरजले, की खिडकीची काच थरारली. "वायरमनला विचारायची भीती वाटली, असं लिहा! स्पष्ट अक्षरात लिहा!"

"लिहिते," बाई म्हणाल्या. "ओरडू नका."

त्यांनी लिहिलं. मग घड्याळ पाहिलं आणि म्हणाल्या, की शेजारच्या इमारतीत त्यांच्या आणखी दोन तपासण्या आहेत. चार वाजता त्या पुन्हा डोकावतील. तोवर जुडी सॅडलवर चढलेली असेल तर आजच पास, नसेल तर तीन आठवडे.

काकू बारा वाजता पोचल्या, गुडघा धरून, डबा कवटाळून. त्यांनी लेकीकडे पाहिलं, नवऱ्याच्या कानांकडे पाहिलं, आणि काही न विचारता खुर्ची पुसायला घेतली. मग सुरू झालं काम. जावई एका शिडीवर जुडी उचलून धरायचा, अप्पा छताला भोक पाडून सॅडल मारायचे, आणि खालून लेक एकेक स्क्रू हातात द्यायची. अप्पांच्या पाइपापासून लांब, स्वतंत्र रांगेत, अठ्ठावीस सॅडल. जास्तीची वेटोळी अप्पांनी कापून टाकली. जावयाने तीन वेळा जुडी उलटी धरली आणि एकदा शिडीवरून हातोडी अप्पांच्या पायावर टाकली. अप्पा ब्रही काढू शकले नाहीत. लेकीने एकदा चुकून लांब स्क्रू दिला, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं होतं. पण ती दचकून एक पाऊल मागे सरली, ते त्यांनी पाहिलं. "आखूड दे, बाई," एवढंच म्हणाले. तिने दिला.

चारला पाच कमी असताना बाई आल्या. पुन्हा मोजपट्टी, पुन्हा टॉर्च, पुन्हा "हं". दोषाच्या रकान्यापुढे त्यांनी दुरुस्ती झाल्याचं लिहिलं, प्रमाणपत्रावर सही केली आणि ते डॉक्टरांच्या हातात दिलं. लाल कागदावर खाली वायरमनची सही लागते. अप्पांनी ती केली. जाता जाता बाई त्यांना म्हणाल्या, की आधाराची दुरुस्ती मी तपासली, कारणाच्या रकान्याचं मात्र तुमचं तुम्ही बघा, ते मोजायला माझ्याकडे पट्टी नाही. या वेळीही त्या विनोद करत नव्हत्या.

लेक प्रमाणपत्र छातीशी धरून आत आईला दाखवायला गेली. हसत होती, नाक ओढत होती, दोन्ही एकदम. बाहेर अप्पा आणि जावई शिडी मिटत होते. अप्पांच्या मनात सकाळपासूनची एक गोष्ट अजून बसत नव्हती.

"जावईबापू," त्यांनी विचारलं, "सकाळी मी विचारलं तेव्हा तुम्ही 'मी' का म्हणालात? नव्हत्या ना बांधल्या तुम्ही."

जावयाने शिडीची कडी लावली. नेहमीसारखा हसला.

"तिचं नाव सांगितलं असतं तर तुम्ही तिच्यावर ओरडला असता, बाबा. माझ्यावर तुम्हाला ओरडता येत नाही ना. घरात काही बिघडलं की ते मीच केलेलं असतं, असं आमचं लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठरलंय."

अप्पांचे कान पेटले. मानेवरची शीर तटतटून उभी राहिली. चार वर्षं! चार वर्षं हा माणूस आपल्या रागापुढे अंगावर गादी बांधून उभा आहे, आणि आपण त्याला मूर्ख समजत आलो! शब्द तयार होते, आवाज तयार होता, छाती भरून श्वासही घेतला होता. समोर जावई उभा होता.

अप्पांनी श्वास सोडला, शिडीचं मागचं टोक उचललं आणि म्हणाले, "सांभाळून चला. पुढे पायरी आहे."